इंग्रजी प्रावीण्य परीक्षांचा सराव: काय वाढते, काय वाढत नाही

आयईएलटीएस, टोफेल, पीटीई, ड्युओलिंगो यांसारख्या परीक्षांना नेमलेले पाठ्यपुस्तक नसते, ठरलेला अभ्यासक्रम नसतो आणि पास-नापास अशी रेषाही नसते. काही तासांत उमेदवाराच्या इंग्रजीचा अंदाज घ्यायचा आणि तो आकड्यात सांगायचा, एवढेच त्यांचे काम. किती आकडा पुरेसा, हे परीक्षा घेणारी संस्था ठरवत नाही. ते विद्यापीठ, व्हिसा देणारे खाते किंवा परिचारिका परिषद ठरवते. त्यामुळे दहावी-बारावीसारखा या परीक्षांचा ‘पोर्शन’ संपवता येत नाही. करता येतो तो सराव. या सरावात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: एक परीक्षेच्या साच्याचा सराव, दुसरा इंग्रजीचा. पहिल्याचा फायदा लवकर दिसतो आणि लवकरच संपतो. दुसऱ्याचा उशिरा दिसतो. या विषयातले बहुतेक गैरसमज, आणि क्लासच्या बऱ्याच जाहिराती, या दोहोंची गल्लत करण्यावर उभ्या आहेत.

परीक्षेचा साचा बदलला की सरावही बदलतो, हे या परीक्षांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने १९१३ साली प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली. ती एकूण बारा तासांची होती आणि तीत भाषांतर, व्याकरण, ध्वनिशास्त्र, साहित्य, निबंध आणि तोंडी परीक्षा असे सगळे होते. तिला तिघे बसले आणि तिघेही नापास झाले. अशा परीक्षेची तयारी म्हणजे इंग्रजीचा विद्वान होण्याचीच तयारी. १९६१ मध्ये रॉबर्ट लाडो यांनी भाषेचे सुटे घटक वेगवेगळे तपासण्याची बाजू सविस्तर मांडली. ध्वनी, शब्द आणि रचना एकेक करून मोजायच्या, असा तो विचार होता. त्याच वर्षी जॉन कॅरोल यांनी सुट्या घटकांबरोबर सलग भाषा वापरण्याची क्षमताही तपासली पाहिजे असे सुचवले. १९६४ साली सुरू झालेल्या टोफेलवर लाडोंच्या विचाराची छाप होती. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे, बोलणे नाही, लिहिणेही नाही. परिणामी जगभरचे टोफेलचे क्लास म्हणजे शब्दांच्या याद्या आणि ‘वाक्यातली चूक ओळखा’ छापाचे हजारो प्रश्न. अमेरिकेत पोचलेल्या विद्यार्थ्याला टोफेलला उत्तम गुण असूनही वर्गात तोंड उघडता येत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची. निबंधाची चाचणी १९८६ मध्ये जोडली गेली. बोलण्याचा विभाग मुख्य परीक्षेत यायला मात्र २००५ उजाडावे लागले.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. १९८० मध्ये सुरू झालेल्या ईएलटीएस परीक्षेत जीवशास्त्र, सामाजिक शास्त्रे, भौतिक शास्त्रे, तंत्रज्ञान, वैद्यक अशा शाखांसाठी वेगळे पेपर होते. कल्पना चांगली होती, पण शाखा कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते हे ठरवणे अवघड गेले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सहभागाने तिचे आयईएलटीएस झाले आणि १९९५ पासून सर्व विद्याशाखांना एकच ‘अकॅडेमिक’ पेपर आला. आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मधमाश्यांवरचा किंवा प्राचीन जहाजांवरचा उतारा वाचावा लागतो, त्याचे मूळ या निर्णयात आहे. शाखानिहाय परीक्षेची कल्पना आरोग्यक्षेत्रात मात्र टिकली. डॉक्टर-परिचारिकांसाठीच्या ओईटी परीक्षेत उमेदवार रुग्णाशी बोलतो आणि रुग्णाला पुढे पाठवण्याचे पत्र लिहितो. ब्रिटनच्या परिचारिका परिषदेने २०१७ मध्ये ती स्वीकारली आणि २०१८ च्या अखेरीस आयईएलटीएसच्या लेखनाची अट ७ वरून ६.५ वर आणली. बाकी तीन कौशल्यांना ७ कायम राहिले. नर्सिंगचे शिक्षण घेऊन परदेशी जाणाऱ्या मुलींना ओईटीचा सराव सोपा वाटतो, कारण त्यातले प्रसंग वॉर्डातले असतात.

आजच्या परीक्षांची रचना थोडक्यात अशी. आयईएलटीएसमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग असतात. ० ते ९ या पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या बँडने गुण मिळतात. बोलण्याची परीक्षा परीक्षक समोर किंवा व्हिडिओवर घेतो. पिअर्सनची पीटीई २००९ पासून पूर्णपणे संगणकावर चालते, पट्टी १० ते ९०. ड्युओलिंगोची परीक्षा घरी बसून सुमारे तासाभरात होते आणि उत्तरे पाहून पुढचे प्रश्न सोपे किंवा कठीण होतात. करोनाकाळात केंद्रे बंद पडल्यावर तिचा प्रसार वाढला. टोफेल २०२३ मध्ये दोन तासांच्या आत आणली गेली. जानेवारी २०२६ पासून तिचे स्वरूप पुन्हा बदलले: वाचन आणि श्रवण उमेदवारानुसार बदलणारे झाले, वाक्य ऐकून पुन्हा म्हणणे, ई-मेल लिहिणे यांसारखे प्रश्न आले आणि १ ते ६ अशी नवी पट्टी लागू झाली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी टोफेलची गाइडे स्वस्तात मिळाली तर ती घेऊ नयेत, एवढा व्यावहारिक अर्थ त्यातून निघतो.

सरावाने गुण किती वाढतात, यावर संशोधन झालेले आहे, आणि ते क्लासच्या भिंतीवरल्या फ्लेक्सइतके उत्साहवर्धक नाही. परीक्षा शिकवण्यावर काय परिणाम करते या प्रश्नाला चार्ल्स ऑल्डरसन आणि डायॅन वॉल यांनी १९९३ मध्ये शास्त्रीय चर्चेत आणले. परीक्षा बदलली की शिकवणे आपोआप सुधारते किंवा बिघडते, हे गृहीतकच त्यांनी तपासायला घेतले. कॅथरीन एल्डर आणि किअरन ओलॉफलिन यांनी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये दहा-बारा आठवड्यांच्या पूर्णवेळ इंग्रजी वर्गांतल्या विद्यार्थ्यांची आयईएलटीएस आधी आणि नंतर घेतली. सरासरी वाढ सुमारे अर्ध्या बँडची निघाली आणि विद्यार्थ्याविद्यार्थ्यांत फरक मोठा होता. हे विद्यार्थी इंग्रजी बोलणाऱ्या देशात राहत होते, हेही लक्षात घ्यायला हवे. अँथनी ग्रीन यांनी ब्रिटनमध्ये आयईएलटीएसच्या तयारीचे वर्ग आणि विद्यापीठीय इंग्रजीचे सर्वसाधारण वर्ग यांची लेखनाच्या गुणांवर तुलना केली. तयारीच्या वर्गांना ठळक आघाडी मिळालेली दिसली नाही. केंब्रिजचा ढोबळ अंदाज असा, की युरोपीय चौकटीतली बी-२ पातळी गाठायला शून्यापासून ५०० ते ६०० तासांचे मार्गदर्शित शिक्षण लागते आणि सी-१ साठी ७०० ते ८००. आयईएलटीएसचा ६ बँड बी-२ मध्ये येतो, ७ सी-१ मध्ये. म्हणजे सहावरून सातवर जाणे हे शंभर-दोनशे तासांचे काम आहे. ‘वीस दिवसांत सात बँड’ हे आश्वासन ज्याच्या बाबतीत खरे ठरते, त्याला सात बँडचे इंग्रजी आधीपासूनच येत असते.

तरीही साच्याचा सराव निरुपयोगी नाही. प्रश्नांचे प्रकार, वेळेची वाटणी, पडद्यावर वाचण्याची सवय, सूचना पाळणे या गोष्टी माहीत नसल्यामुळे भाषा येत असूनही गुण जातात. आयईएलटीएसमध्ये ‘दोनपेक्षा अधिक शब्द नकोत’ असे म्हटले असताना तीन शब्द लिहिले, तर उत्तर बरोबर असूनही शून्य. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून काहीही रिकामे ठेवायचे नसते. पीटीईच्या काही बहुपर्यायी प्रश्नांत मात्र गुण कापले जातात. ही माहिती आठवडा-दोन आठवड्यांत आत्मसात होते. चार-सहा पूर्ण सराव परीक्षा नीट सोडवल्यावर या बाजूने मिळण्यासारखे बहुतेक मिळून जाते. त्यानंतर रोज एक मॉक टेस्ट देत राहणे म्हणजे ताप उतरावा म्हणून दर तासाला थर्मामीटर लावण्यासारखे.

मोजमापाची मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे. आयईएलटीएसच्या वाचन आणि श्रवण विभागांतली प्रमाण चूक सुमारे ०.४ बँड आहे. ज्याची खरी पातळी ६.५ आहे, त्याला एखाद्या दिवशी ६ आणि दुसऱ्या दिवशी ७ मिळू शकतात, इंग्रजीत तसूभरही फरक न पडता. पुन्हा परीक्षा देऊन वाढलेला अर्धा बँड क्लासच्या खात्यावर जमा होतो आणि घटलेला विद्यार्थ्याच्या.

मराठी उमेदवारांपुरते पाहिले तर चार कौशल्यांच्या अडचणी सारख्या नाहीत. महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण मराठी माध्यमात ते बहुतांशी डोळ्यांनी शिकले जाते: वाचायचे, फळ्यावरून उतरवायचे, प्रश्नोत्तरे पाठ करायची. कानाला सराव नसतो. आयईएलटीएसमध्ये ध्वनिफीत एकदाच वाजते, आणि ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे वेगवेगळे उच्चार कानी पडतात. मराठीत लिहिल्याप्रमाणे बोलले जाते, इंग्रजीत नाही. त्यामुळे कानावर पडलेला ओळखीचा शब्दही कागदावर चुकीच्या स्पेलिंगने उतरतो, आणि श्रवणात स्पेलिंग चुकले की गुण गेला. अनेकवचनाचा शेवटचा ‘एस’ न ऐकू येणे ही नेहमीची चूक. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला भेद मुख्यतः आघातावर असतो, आणि मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्यामुळे कान तो शोधतच नाही. यावर श्रुतलेखनासारखा उपाय नाही. दोन-तीन मिनिटांचा तुकडा वाक्यावाक्याने थांबवून लिहून काढायचा, मग संहितेशी ताडून पाहायचे आणि कुठले शब्द निसटले याची नोंद ठेवायची. कंटाळवाणे काम आहे, म्हणूनच फार कमी जण करतात. इंग्रजी उपशीर्षके लावून मालिका पाहणे याला पर्याय समजले जाते, पण उपशीर्षके असली की काम पुन्हा डोळेच करतात.

वाचनात मराठी विद्यार्थी तुलनेने बरा असतो. साठ मिनिटांत तीन उतारे आणि चाळीस प्रश्न असल्यामुळे अडचण येते ती वेगाची. अकॅडेमिक पेपरमध्ये चाळीसपैकी साधारण २३ उत्तरे बरोबर आली तर ६ बँड, ३० आली तर ७ आणि ३५ आली तर ८ मिळतात; आयईएलटीएसच्या दुसऱ्या, जनरल ट्रेनिंग पेपरचे उतारे सोपे असल्याने तिथे ३० उत्तरांना ६ च मिळतात. सर्वांत छळणारा प्रकार म्हणजे विधान ‘खरे, खोटे की उताऱ्यात दिलेले नाही’ हे ठरवणे. वाचकाला विषयाची आधीच माहिती असली की तो उताऱ्यात नसलेली गोष्टही खरी धरतो. हुशार विद्यार्थी इथे जास्त चुकतात. शब्दसंग्रहाबद्दल दोन आकडे उपयोगी आहेत. पॉल नेशन यांच्या २००६ च्या अभ्यासानुसार सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला आठ ते नऊ हजार शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्याची रूपे) माहीत असावी लागतात. अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनातली ५७० शब्दकुळे वेचून यादी केली. तेवढ्यांनीच अशा लेखनाचा सुमारे दहावा हिस्सा व्यापला जातो. अवघड, भारदस्त आणि क्वचित वापरले जाणारे शब्द पाठ करण्यापेक्षा या ५७० चे नेमके वापर कळणे कितीतरी फलदायी आहे.

लेखन हे जवळजवळ सर्वत्र सर्वांत कमी गुणांचे कौशल्य आहे आणि मराठी उमेदवारांची गाडीही बहुधा इथेच अडते. आयईएलटीएसमध्ये साठ मिनिटांत दोन लेखन असतात: पहिले किमान १५० शब्दांचे, दुसरे किमान २५० शब्दांचे. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन असते, तरी अनेक जण पहिल्यातल्या आलेखाच्या वर्णनात अर्धा तास घालवतात. शाळेतल्या निबंधाची सवय इथे नडते. सुविचाराने सुरुवात, मधे अलंकारिक भाषा, शेवटी उपदेश हा साचा परीक्षकाला नको असतो. प्रश्नाला नेमके उत्तर, एक भूमिका, प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा आणि त्याला आधार, एवढे त्याला हवे असते. आलेखाच्या प्रश्नात तर मतच द्यायचे नसते. विक्री का वाढली याची कारणे कल्पनेने लिहिणारा विद्यार्थी स्वतःहून गुण घालवतो.

भाषेच्या चुकांना मराठीची मुळे असतात, आणि ती ओळखली की सराव नेमका होतो. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. म्हणून ती एकतर गाळली जातात किंवा जिथे तिथे पेरली जातात. मराठीत लग्न कोणाशी तरी होते, म्हणून ‘मॅरीड विथ’. चर्चा कशाबद्दल तरी होते, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. ‘जे विद्यार्थी गरीब आहेत, ते...’ ही मराठीची सुंदर जोडरचना इंग्रजीत ‘विच स्टुडंट्स आर पूअर, दे...’ अशी उतरते आणि वाक्य मोडते. ‘आय अॅम हॅविंग टू सिस्टर्स’ हे तर भारतभरचे. अशा दहा-बारा चुका प्रत्येक विद्यार्थ्याच्या ठरलेल्या असतात. रोज नवा निबंध लिहिण्यापेक्षा तपासून आलेला एकच निबंध पुन्हा लिहिणे, आणि आपल्या ठरलेल्या चुकांची यादी समोर ठेवून तो वाचणे, याने अधिक फरक पडतो. यासाठी तपासणारा माणूस लागतो. क्लासच्या फीचे खरे मोल या एका कामात आहे. तीस जणांच्या बॅचमध्ये वहीवर नुसता बँडचा आकडा लिहून मिळत असेल, तर ते मोल मिळालेले नाही.

पाठ केलेल्या उत्तरांचे आकर्षण इथे समजण्यासारखे आहे. महाराष्ट्रातली मुले अपेक्षित प्रश्नसंच आणि नमुना उत्तरे यांवर वाढलेली असतात. आयईएलटीएसच्या गुणदानाच्या जाहीर निकषांत मात्र उत्तर संपूर्ण पाठ केलेले असल्याचा पुरावा असेल तर शून्य बँडची तरतूद आहे. एवढी टोकाची वेळ क्वचित येते. पण ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ छापाची तयार वाक्ये हजारो उत्तरपत्रिकांत वाचलेला परीक्षक ती बाजूला ठेवतो आणि उरलेले लेखन मोजतो.

बोलण्याच्या परीक्षेबद्दल भीती जास्त आणि अडचण कमी, असे म्हणता येईल. अकरा ते चौदा मिनिटांची ही मुलाखत असते. आधी ओळखीचे प्रश्न, मग क्यू कार्डवरच्या विषयाची एक मिनिट तयारी करून दोन मिनिटांपर्यंत बोलणे, आणि शेवटी त्याच विषयावर अमूर्त चर्चा. उच्चारांत परदेशी ढब अपेक्षित नाही, बोलणे समजले पाहिजे एवढेच अपेक्षित आहे. मराठीतला एकच ‘व’ इंग्रजीतल्या दोन ध्वनींसाठी वापरला किंवा ‘ट’ मूर्धन्य उच्चारला म्हणून सहसा फारसे बिघडत नाही. शब्दातला आघात चुकला, ‘फोटोग्राफ’चाच आघात ‘फोटोग्राफी’त ठेवला, तर ऐकणारा अडखळतो. नकारार्थी प्रश्नाला मराठी माणूस विधानाशी सहमती म्हणून ‘हो’ म्हणतो आणि इंग्रजीत ‘यस’ म्हणून उलटा अर्थ देऊन बसतो, हीही जुनी गंमत. क्यू कार्डचे विषय काही महिने चलनात असतात आणि त्यांच्या याद्या फिरत राहतात. त्या वाचून मुद्दे सुचले तर ठीक. उत्तर घोकले की बोलण्याचा वेग आणि सूर बदलतो आणि परीक्षक लगेच वेगळा प्रश्न टाकतो. तिसऱ्या भागात अनेकांची पंचाईत इंग्रजीमुळे होतच नाही. शहरांची वाढ, वृद्धांची काळजी, जाहिरातींचा परिणाम यांवर मराठीतही काही म्हणायचे नसते, म्हणून होते. मराठी वृत्तपत्राचा अग्रलेख नियमित वाचणे ही त्या भागाची चांगली तयारी आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

यंत्राने गुण देणाऱ्या परीक्षांनी सरावाला वेगळे वळण दिले. पीटीईमध्ये वाक्य ऐकून जसेच्या तसे म्हणणे, चित्राचे वर्णन करणे, ऐकलेले वाक्य लिहिणे असे छोटे प्रश्न असतात, आणि एकाच उत्तराचे गुण दोन कौशल्यांत मोजले जातात. चित्र कोणतेही असो, तेच साच्यातले बोलणे न अडखळता म्हणायचे, अशी टेम्प्लेटे विकणारा धंदा त्यातून उभा राहिला. यंत्राला चकवता येते हे नवे नाही. २००१ मध्ये टोफेल घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्याच संशोधकांनी आपल्या निबंध तपासणाऱ्या प्रणालीला फसवून दाखवण्याचे आव्हान तज्ज्ञांना दिले होते, आणि तेच ते परिच्छेद पुन्हा पुन्हा चिकटवून लांबवलेल्या निबंधाला प्रणालीने भरघोस गुण दिले. अशा पळवाटा बुजवल्या जातात. पीटीईनेही २०२५ मध्ये काही उत्तरांच्या तपासणीत माणसांचा सहभाग वाढवला. गेल्या वर्षीचे टेम्प्लेट या वर्षी चालेलच याची खात्री म्हणून देता येत नाही.

सरावाच्या पलीकडचा काळा बाजारही या विषयाचा भाग आहे. २०१४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने ब्रिटनमधल्या काही केंद्रांवर व्हिसासाठीच्या टोइक परीक्षेत डमी उमेदवार बसवले जात असल्याचे दाखवले. त्यानंतर हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, आणि त्यांतल्या अनेकांनी निर्दोषत्वासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात लढा दिला. २०२२ मध्ये कॅनडातून बोटीने अमेरिकेत शिरताना पकडलेल्या गुजराती तरुणांना न्यायालयात इंग्रजी बोलता येईना. त्यांच्याकडे आयईएलटीएसचे चांगले बँड असल्याचे उघड झाल्यावर मेहसाणा पोलिसांनी चौकशी सुरू केली.

साहित्याच्या निवडीत गोंधळायचे कारण नाही. केंब्रिज १९९६ पासून आयईएलटीएसचे सराव संच पुस्तकरूपाने काढत आहे. २०२५ मध्ये विसावे पुस्तक आले. अलीकडचे चार-पाच संच एखाद्या विद्यार्थ्याला पुरून उरतात. खासगी प्रकाशकांचे प्रश्न बहुधा खऱ्या प्रश्नांहून एकतर फार सोपे किंवा निष्कारण अवघड असतात. क्रम असा ठेवता येतो: प्रथम वेळ लावून एक पूर्ण संच सोडवायचा आणि हव्या असलेल्या आकड्यापासूनचे अंतर पाहायचे. अंतर अर्ध्या बँडचे असेल तर दोन-अडीच महिन्यांचा नेमका सराव योग्य. दीड बँडचे असेल तर परीक्षेची तारीख न घेता आधी सहा महिने-वर्ष इंग्रजीवरच घालवावे. भारतात आयईएलटीएसची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात गेली आहे. नुसता अंदाज घेण्यासाठी परीक्षेला बसणे परवडणारे नाही. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनेसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला आधी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश मिळवावा लागतो, आणि त्यासाठी इंग्रजीचे गुण वेळेत हाती असावे लागतात. त्यामुळे त्याचे वेळापत्रक परीक्षेपासून उलटे मोजूनच आखावे लागते. काही विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर किंवा पदवीचे माध्यम इंग्रजी असल्याच्या दाखल्यावर सूट देतात, हे परीक्षेचे पैसे भरण्याआधी तपासायला हवे.

निकाल आल्यावरही काही मार्ग खुले असतात. आयईएलटीएसमध्ये चार कौशल्यांची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला नेली जाते, आणि ६.२५ चे ६.५, तर ६.७५ चे ७ होतात. पण कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीसारख्या योजनांत सरासरीला महत्त्व नसते. तिथे भाषेच्या नवव्या पातळीसाठी श्रवणात ८ आणि बाकी तिन्हींत ७ स्वतंत्रपणे लागतात. लेखन किंवा बोलण्यात अर्धा बँड कमी पडला आणि बाकी गुण चांगले असले, तर ठरावीक मुदतीत फेरतपासणी मागता येते. गुण वाढले तर तिचे पैसे परत मिळतात. २०२३ पासून संगणकावर परीक्षा देणाऱ्यांना अनेक केंद्रांवर एकाच कौशल्याची फेरपरीक्षा देण्याची सोय आहे, मात्र तो निकाल स्वीकारायचा की नाही हे प्रत्येक विद्यापीठ आणि खाते आपापले ठरवते. या गुणपत्रकांची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षे मानली जाते.